घर शिकेल, तरच माणूस सावरेल

रात्रीचे साडेअकरा वाजलेले. बाहेरच्या खोलीत वडील वाचून झालेल्या वर्तमानपत्राची घडी उगाचच मोडत आणि पुन्हा घालत बसलेले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. आतल्या खोलीला कडी, आणि कडीपलीकडे बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. काही महिन्यांपूर्वीपर्यंत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणारा हा मुलगा आता महाविद्यालयात जात नाही, आंघोळीला उठत नाही, रात्र रात्र जागतो आणि शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असे सांगतो. वडिलांचे निदान ठरलेले आहे, "फाजील लाडांचा परिणाम!" आई म्हणते, "कोणाची तरी दृष्ट लागली." काका दूरध्वनीवरून सल्ला देतात, "लग्न लावून द्या, चार दिवसांत ताळ्यावर येईल." आत्याचे म्हणणे, "नोकरी लागली की आपोआप ठीक होईल." चार माणसे, चार निदाने. आणि चौघांचाही त्या मुलावर अपार जीव!

असे घर डोंबिवलीत आहे, सांगलीत आहे, लातुरात आहे. ते घर वाईट नाही. तिथे देवघरात दिवा लागतो, सणवार होतात, पाहुण्याला पान वाढले जाते. त्या घरात मायेचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो ज्ञानाचा. मुलाला ताप आला तर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या कशा ठेवायच्या हे त्या आईला ठाऊक असते. पण मुलाचे मन तापले तर त्याच्याशी बोलायचे कसे, हे तिला कोणीही कधीही शिकवलेले नाही. कुटुंबव्यवस्थेचे गोडवे व्यासपीठांवरून गाणाऱ्या समाजाने या कुटुंबाच्या हाती नेमके काय दिले, हा प्रश्न आता स्पष्टपणे विचारण्याची वेळ आली आहे.

सातशे वीस तासांचा हिशेब

तीस दिवसांच्या महिन्यात सातशे वीस तास असतात. मनोविकाराने ग्रासलेला माणूस महिन्यातून एकदा डॉक्टरांकडे जातो आणि तिथे त्याला फार तर अर्धा तास मिळतो. उरलेले सातशे साडेएकोणीस तास तो असतो घरात, आपल्या माणसांत. म्हणजे उपचाराचा खरा काळ घरच्यांच्या हाती असतो. देशात लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, हे लक्षात घेतले तर घराचा हा वाटा आणखीच मोठा होतो. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे साडेदहा टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. त्यांना सांभाळत होते ते घरच. प्रशिक्षण नसलेले, थकलेले आणि बहुधा लाजेने मिटलेले घर!

परिचारिकेला तीन-चार वर्षे शिकवल्यावाचून कोणी वॉर्ड सोपवत नाही. मात्र आईवर, पत्नीवर, धाकट्या भावावर हाच वॉर्ड चोवीस तासांसाठी सोपवला जातो आणि वर म्हटले जाते, "घरचेच तर आहेत, त्यांना काय शिकवायचे?" या एका वाक्याने जितकी घरे उद्ध्वस्त केली, तितकी त्या आजारानेही केली नसतील.

अमृतसरचे तंबू

काहींना वाटते की कुटुंबाला उपचारात सामावून घेण्याची कल्पना ही परदेशातून आलेली चैन आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना तिथे राहण्यास बोलावले. जगभरात मनोरुग्णाला घरापासून तोडून उंच भिंतींआड कोंडण्याची रीत चालू असताना फाळणीच्या जखमा अंगावर वागवणाऱ्या एका शहरात एक भारतीय डॉक्टर रुग्णाची आई, बायको, भाऊ यांना एकत्र बसवून आजार समजावून देत होता. नातेवाईक परतत ते आपला माणूस घेऊन, आणि त्याला सांभाळण्याची समज घेऊन. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रातही १९५७ नंतर नातेवाइकाने रुग्णासोबत राहण्याची पद्धत रुजली. पुढे निम्हान्समध्ये कुटुंबांसाठी स्वतंत्र केंद्र उभे राहिले.

बीज या मातीत पडले होते. त्याचा वृक्ष का झाला नाही? कारण सोपे आहे. आपल्याला आपल्या कुटुंबव्यवस्थेचा अभिमान पुरेसा वाटला. तिच्या मशागतीची गरज वाटली नाही.

दरम्यान इंग्लंडमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकातच एक चमत्कारिक गोष्ट टिपली होती. रुग्णालयातून बरे होऊन आई-वडिलांकडे वा पत्नीकडे परतलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा आजार, इतरत्र राहायला गेलेल्यांपेक्षा अधिक वेळा उलटत होता. पुढील संशोधनात कारणे सापडली. सततची टीका, वैरभाव आणि अतिरेकी गुंतवणूक या तीन गोष्टी घरात प्रबळ असल्या की औषध चालू असूनही आजार डोके वर काढतो. याच मोजपट्टीने चंडीगडच्या कुटुंबांचा अभ्यास झाला आणि १९८७ साली तो प्रसिद्ध झाला. लंडनच्या कुटुंबांहून चंडीगडची कुटुंबे कमी टीका करणारी आणि अधिक सहनशील आढळली.

हा निष्कर्ष ऐकून कोणाची छाती फुगेल, तर त्याने पुढचे वाक्यही ऐकावे. त्याच चंडीगडमध्ये ज्या घरांत वैरभाव होता, तिथे रुग्णाचा आजार उलटण्याचे प्रमाण अधिक होते. भारतात राहिल्याने कोणतेही घर आपोआप औषधी होत नाही! शिवाय तो अभ्यास आज जवळजवळ चार दशके जुना झाला. तेव्हाचे एकत्र कुटुंब, मागचे अंगण, हाताखाली काम करीत राहण्याची सोय देणारी शेती आणि भरपूर वेळ असलेली आजी यांतले आज दोन खोल्यांच्या सदनिकेत काय उरले आहे? भांडवल संपत आले, आणि तरी व्याजावर जगण्याची स्वप्ने सुटत नाहीत.

दोषारोपाचे शास्त्र

या प्रश्नाचे दुसरे टोकही तितकेच घातक आहे. कुटुंब म्हणजेच सर्व मनोविकारांचे उगमस्थान, असे मानणाऱ्या बुद्धिवंतांचा एक संप्रदाय आहे. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइखमान या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी स्किझोफ्रेनिया 'निर्माण करणारी आई' अशी कल्पना मांडली आणि पुढील दोन-तीन दशके अमेरिकेतील हजारो माता आपणच आपल्या लेकराला वेडे केले या अपराधाच्या ओझ्याखाली वावरल्या. पुढे ही कल्पना शास्त्रानेच मोडीत काढली. आनुवंशिकता, मेंदूतील बदल, भोवतालचे ताण असे अनेक धागे या आजारात गुंतलेले असतात, हे आज सर्वमान्य आहे. तरीही "आई-वडिलांचे काय चुकले?" हा प्रश्न तपासणीच्या खोलीत, नातलगांच्या बैठकीत आणि सोसायटीच्या जिन्यात अजूनही विचारला जातो.

आजार घराने निर्माण केलेला नसतो; पण त्याची वाट सुकर वा खडतर करणे घराच्या हाती असते. मधुमेह कोणी आईने दिला म्हणत नाही, पण ताटात काय वाढायचे ते आईला शिकावेच लागते. इतकी साधी ही गोष्ट आहे. अर्थात, जिथे घरातच मारहाण किंवा अत्याचार चालतो, तिथे त्या माणसाला घराबाहेर काढणे हाच पहिला उपचार होय. कुटुंबाच्या प्रतिष्ठेच्या नावाखाली त्यावर पांघरूण घालणाऱ्याला कुटुंबप्रेमी म्हणता येणार नाही.

पार्थाचा विषाद

"असा हातपाय गाळून काय बसतोस? ऊठ, पुरुषासारखा वाग!" हे आपल्या घरांतले सर्वात लाडके औषध. ते किती लागू पडते, हे पाहण्यासाठी परदेशी ग्रंथांकडे जाण्याचे कारण नाही. घरोघरी ठेवलेली भगवद्गीता पुरे आहे. तिच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग. गांडीव हातून गळते, अंग थरथरते, तोंडाला कोरड पडते आणि महापराक्रमी अर्जुन रथात मटकन बसतो. त्या अध्यायात भगवंतांच्या मुखी जेमतेम एक वाक्य आहे. बाकी सारा वेळ ते ऐकतात. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते अर्जुनाला खडसावतात, दुबळेपणा सोडून उठण्यास सांगतात. परिणाम काय होतो? काहीही नाही! अर्जुन आपले दुःख पुन्हा सांगतो, लढणार नाही म्हणतो आणि गप्प होतो. त्यानंतर भगवंत पद्धत बदलतात. शंका विचारू देतात, उत्तर देतात, पुन्हा शंका, पुन्हा उत्तर. अठराव्या अध्यायापर्यंत हा संवाद चालतो.

अर्जुनाचा विषाद म्हणजे मनोविकार नव्हे आणि गीतापाठ हा गोळ्यांना पर्याय नव्हे, हे वेगळे सांगायला नको. पण साक्षात भगवंतांचे खडसावणे जिथे निष्फळ ठरले, तिथे आपले ठरेल अशी खात्री बाळगणाऱ्या वडिलांनी एकदा हा क्रम मन लावून वाचावा.

शिकायचे म्हणजे काय?

कुटुंबाचे प्रशिक्षण म्हणजे जड पुस्तके नव्हेत. ती हाताने करायची, सरावाने अंगी बाणवायची कौशल्ये आहेत.

पहिले कौशल्य ऐकण्याचे. मुलगा म्हणतो, "शेजारी माझ्यावर पाळत ठेवतात." त्यावर "मूर्खासारखे बोलू नकोस" म्हटले की दार बंद होते. "हो, ठेवतात खरे" म्हटले की भ्रमाला खतपाणी मिळते. तिसरी वाट आहे, "तुला फार भीती वाटते आहे ना? मी इथेच आहे." भ्रमाला दुजोरा न देता भीती खरी मानणे, हे ते कौशल्य. ऐकायला सोपे, रात्री दोन वाजता करायला अत्यंत अवघड. म्हणूनच सराव हवा.

दुसरे कौशल्य बोलण्याचे. वाक्य लहान, आवाज खालचा, एका वेळी एकच गोष्ट. टोमणा नाही, चुलतभावाच्या पगाराशी तुलना नाही, आणि "आम्ही तुझ्यासाठी काय काय केले" ही यादी तर मुळीच नाही. त्याने स्वतःहून उठून चहाचा कप विसळला तर तेवढ्याचे कौतुक. याच्याच जोडीला मर्यादा घालण्याचे कौशल्य येते. तिशीतल्या लेकाला भरवणारी आई त्याला सांभाळत नाही, पांगळे करते. शिवीगाळ वा हात उगारणे चालणार नाही, हे शांतपणे आणि एकदाच सांगता आले पाहिजे.

तिसरे कौशल्य धोक्याच्या खुणा ओळखण्याचे. आजार उलटण्याआधी बहुधा झोप उडते, जेवणाखाण्याचे वेळापत्रक मोडते, माणूस एकटा राहू लागतो, गोळ्या चुकवू लागतो. प्रत्येकाच्या खुणा निराळ्या असतात. त्या कागदावर लिहून, डॉक्टरांच्या क्रमांकासह कपाटाच्या दाराआड चिकटवलेल्या असाव्यात. बरे वाटू लागताच मनाने गोळ्या थांबवणे हे आजार उलटण्याचे फार मोठे कारण आहे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे.

चौथे कौशल्य सर्वात जिवावरचे. माणूस मरणाची भाषा बोलू लागला तर विषय बदलण्याची आपली रीत आहे. "असे अभद्र बोलू नये!" वास्तविक, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, असे सरळ विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट कोंडलेला माणूस बोलू लागतो. विचारावे, एकटे सोडू नये, घरातली कीटकनाशके आणि औषधांचे साठे कुलपात ठेवावेत आणि तातडीने तज्ज्ञांकडे न्यावे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. हा क्रमांक किती घरांत पाठ आहे?

आणि पाचवे, सांभाळणाऱ्याने स्वतःला सांभाळण्याचे. या सेवेचा भार बहुतेक घरांत एकाच बाईवर पडतो. तिला झोप, आठवड्यातून चार तासांची सुटी आणि मन मोकळे करण्यासाठी माणूस मिळाला नाही, तर घरात लवकरच एकाऐवजी दोन रुग्ण होतात. तिच्या त्यागाचे पोवाडे गाण्यापेक्षा दीर-नणंदांनी तिची आळीपाळीने सुटका करणे अधिक धार्मिक कृत्य ठरेल.

लग्नाचे 'औषध'

अज्ञानाची सर्वात क्रूर फळे दोन. एक म्हणजे साखळदंड. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. त्यांना तिथे सोडणारे त्यांच्या जिवावर उठलेले शत्रू नव्हते; दुसरे काय करावे हे न कळलेले नातेवाईक होते. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. देवावरची श्रद्धा आणि मांत्रिकाचा चाबूक यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने धर्माच्या नावाने बोलू नये.

दुसरे फळ अधिक प्रतिष्ठित आहे, ते म्हणजे आजार लपवून लावलेले लग्न. 'जबाबदारी पडली की सुधारेल' या भरवशावर परक्या घरची लेक अंधारात ढकलली जाते. विधी, पंगत, अहेर सारे साग्रसंगीत होते आणि गोळ्यांची पाकिटे कपाटाच्या तळाशी दडवली जातात. औषध बंद पडते, आजार उलटतो आणि दोन घरे बुडतात. हिंदू विवाह कायदा, १९५५ मधील तरतुदींनुसार विवाहास अपात्र ठरवण्याइतका गंभीर मनोविकार असल्यास असा विवाह न्यायालयात रद्दबातल ठरू शकतो. पण कायद्याच्या आधी प्रश्न नीतीचा आहे. आजार सांगून, समजून, उपचार चालू ठेवून केलेली लग्ने यशस्वी होतात. पण ज्या विवाहाचा पाया असत्यावर घातला, त्याला संस्कार कसे म्हणावे?

कायदा कागदावर

शासनाची उदासीनता तर जुनीच आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालचा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या १८ व्या कलमात रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या आणि घरीच पुनर्वसन घडवणाऱ्या सेवांची तरतूद शासनाने करावी असे स्पष्ट म्हटले आहे. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांतून घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या कुटुंबासाठी मराठीतून, ठरलेल्या अभ्यासक्रमाचा वर्ग सक्तीने का असू नये? प्रसूतीनंतर बाळ-बाळंतिणीची काळजी समजावल्याशिवाय घरी पाठवत नाहीत. मग इथे औषधाची चिठ्ठी हाती ठेवली की कर्तव्य संपले, असे कसे?

हे अशक्य नाही, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीचा स्किझोफ्रेनिया लपवला नाही. त्या अनुभवातूनच १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. त्यांच्याच प्रयत्नांतून साकारलेल्या २००४ च्या 'देवराई' चित्रपटाने आजारी भावाला समजून घेणारी बहीण महाराष्ट्राला दाखवली. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणने व्यसनी माणसाच्या पत्नीलाही उपचाराच्या वर्तुळात आणले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या संस्थेने १९९० पासून हेच काम पुढे नेले. या चळवळीने मराठीला दोन सुंदर शब्द दिले, आजाराशी झुंजणारा तो 'शुभार्थी' आणि त्याला सांभाळणारा तो 'शुभंकर'. वेडा, खुळा, भ्रमिष्ट या शब्दांच्या शेजारी हे दोन शब्द ठेवून पाहावेत.

आणि ज्या अमेरिकेतील कुटुंबे मोडली म्हणून आपल्याकडे हळहळ व्यक्त होते, तिथल्या आई-वडिलांनी १९७९ सालीच 'नॅमी' ही देशव्यापी संघटना उभारली. तिच्या वर्गांत शिकवणारेही रुग्णांचे नातेवाईकच असतात, आणि वर्ग विनामूल्य असतात. मोडलेल्या म्हणवणाऱ्या घरांनी शाळा काढली. अखंड म्हणवणाऱ्या घरांनी दार लावून घेतले!

कार्यकर्त्यांसमोरचे काम

पूर, भूकंप, साथीचे रोग यांत कार्यकर्ता सर्वांच्या आधी पोचतो. मात्र आपल्याच गल्लीतील कडी लावलेल्या खोलीपर्यंत तो अजून पोचलेला नाही. हे संकट बाहेरून दिसत नाही, त्याची छायाचित्रे निघत नाहीत. तरी त्यासाठी लागणारे सारे काही गावोगावी हजर आहे. वाचनालयाचे सभागृह आहे, मंडळाची खोली आहे, निवृत्त शिक्षक आहेत, परिचारिका आहेत. तालुक्याच्या गावी महिन्यातून दोन रविवारी शुभंकरांचा वर्ग भरवणे, जिल्हा रुग्णालयातील तज्ज्ञांना त्यासाठी बोलावणे आणि त्या दोन तासांत रुग्णाजवळ कोणीतरी बसणे, यासाठी कोणत्या अनुदानाची वाट पाहायची?

एक पथ्य मात्र पाळावे लागेल. गृहसंपर्काला गेलेल्याने तिथे उपदेश करू नये, आजाराची चर्चा चौकात नेऊ नये आणि औषधाविषयी मनाने सल्ला देऊ नये. बसावे, ऐकावे, रांगेत उभे राहायला सोबत जावे. पुष्कळ घरांना गेल्या कित्येक वर्षांत एवढेही मिळालेले नाही.

कुटुंब हा समाजाचा पाया, असे म्हणणे सोपे आहे. पायाला ओल लागली तर गवंडी बोलवावा लागतो. पायाचे पोवाडे गाऊन भिंत उभी राहत नाही. त्या बंद दाराबाहेर आई अजून उभी आहे. तिच्या मायेबद्दल कोणालाच शंका नाही. तिला हवे आहे ते दार ठोठावताना तोंडून निघायचे पहिले वाक्य. ते तिला कोण शिकवणार, आणि कधी?